कमी दिवसांचं लेकरू आणि त्याचं दिल : एसएनसीयूच्या दारात विचारले जाणारे प्रश्न

विदर्भातल्या एका जिल्हा रुग्णालयाच्या एसएनसीयूत, म्हणजे आजारी नवजात बाळांच्या खास विभागात, मी बरीच वर्षं सिस्टर आहे. आमच्या दाराबाहेर एक लांब बाक आहे. त्यावर कोणाची आजी, कोणाचा मामा, कोणाचा बाप बसलेला असतो. हातात थर्मास, पिशवीत दुपटी. दार उघडलं की प्रश्न सुरू होतात. वजनाचे, दुधाचे, श्वासाचे प्रश्न रोजचेच. पण डॉक्टरांनी "इको करून घेऊ" (इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी) म्हटलं की बाकावर आधी एकदम शांतता होते आणि मग सगळे एकदाच बोलू लागतात. दारात उभ्या उभ्या दिलेली उत्तरं अर्धवट राहतात, म्हणून हृदयाचे प्रश्न तेवढे इथं निवांत लिहून काढलेत. औषधाचा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. त्यांना काय विचारायचं ते यातून कळलं तरी पुष्कळ.

"कमी दिवसांचं" म्हणजे नेमकं किती दिवसांचं?

पूर्ण गरोदरपण ४० आठवड्यांचं धरतात. ३७ आठवडे भरायच्या आत जन्मलं ते कमी दिवसांचं. ३२ च्या आतलं असेल तर फारच लवकर आलेलं, आणि २८ च्या आतलं सगळ्यात नाजूक. महिन्यांत मोजू नका, आठवड्यांत मोजा. "सातवा लागला होता" या एका वाक्यात २६ आठवड्यांचं लेकरूही बसतं आणि २९ आठवड्यांचंही, पण दोघांच्या हृदयात जमीन-अस्मानाचा फरक असतो. म्हणून माता-बाल संरक्षण कार्ड आणि पहिल्या तीन महिन्यांतली सोनोग्राफी, हे दोन कागद घरी कपाटात असतील तर मागवून घ्या. तुम्ही गहू आणायला जाता तेव्हा पोतं मोजून घेता ना, तसंच हे.

"सातव्यातलं वाचते, आठव्यातलं वाचत नाई" म्हणतात, खरं हाय का?

नाही. हे मी दर महिन्याला एकदा तरी ऐकते, आणि बहुतेक वेळा सांगणारी आजी शिकल्या-सवरल्या घरातलीच असते. पोटातला एकेक आठवडा फायद्याचा असतो. आठव्यातल्या लेकराचं हृदय, फुप्फुस, मेंदू सगळं सातव्यातल्यापेक्षा तयार असतं. या समजापायी आठव्या महिन्यात कळा आलेल्या बाईला दवाखान्यात न्यायला घरचे ढिले पडतात, तोटा तिथं होतो.

लेकराचं दिल पूर्ण बनलंच नाई का जी?

बनलेलं आहे. गर्भ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो तेव्हाच हृदय धडधडू लागतं. बाईला तेव्हा पाळी चुकल्याची शंकाही धड आलेली नसते. शेवटच्या पाळीपासून मोजलं तर दहाव्या आठवड्याच्या आसपास चारही कप्पे आणि झडपा जागच्या जागी असतात. म्हणजे २८ आठवड्यांच्या लेकराच्या हृदयात भाग कुठलाच कमी नाही. कमी आहे ते बळ.

गोऱ्हा पाहा. चार पाय, शिंगं, वशिंड, सगळं असतं. पण खांदा बसायच्या आधी औताला जुंपला तर? तो ओढतो, पण दमतो लवकर. पोटात असताना हृदयाच्या स्नायूतल्या पेशी संख्येनं वाढत असतात. जन्मानंतर त्यांची संख्या वाढणं जवळजवळ थांबतं आणि आहेत त्याच पेशी मोठ्या होत जातात. लवकर जन्मलेल्या लेकराच्या हृदयाला पेशी वाढवायचा वेळच पुरा मिळत नाही, आणि वर बाहेरच्या जगाचा दाब एका रात्रीत अंगावर पडतो. मोठ्या माणसाचं हृदय गरज पडली की जास्त जोर लावतं. या लेकराला जोर लावणं फारसं जमत नाही, ते फक्त ठोके वाढवतं. म्हणून मिनिटाला १२० ते १६० ठोके त्याला साधारणच. मॉनिटरवर १५० दिसलं म्हणून घाबरू नका.

अंदाज यावा म्हणून सांगते. एक किलोच्या लेकराचं हृदय साधारण मोठ्या बोराएवढं. अंगातलं सगळं रक्त मिळून ९० मिलीच्या आसपास, म्हणजे टपरीवरच्या कपभर चहाएवढं. आम्ही रक्त तपासायला घेताना अर्धा मिलीसुद्धा लिहून ठेवतो ते याच्यासाठी. "सिस्टर, रोज रक्त काऊन काढता?" हा राग बरोबर आहे. आम्हीही तो हिशोब डोक्यात ठेवूनच काढतो.

पोटात अन् बाहेर, दिलाच्या कामात फरक काय?

हे एकदा समजलं की पुढचे निम्मे प्रश्न सुटतात, म्हणून जरा सावकाश.

पोटात लेकरू श्वास घेत नाही. त्याच्या फुप्फुसात पाणी असतं. ऑक्सिजन वारेतून, नाळेवाटे येतो. मग फुप्फुसाकडे सगळं रक्त पाठवून उपयोग काय? ज्या शेताला पाणी नको त्याची चारी आपण बुजवतो आणि पाणी पुढं काढतो. निसर्गानंही तेच केलंय. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमध्ये झडप असलेली एक खिडकी ठेवली, आणि फुप्फुसाकडे जाणारी मोठी नळी व अंगाकडे जाणारी महाधमनी यांना जोडणारी एक आखूड नळी ठेवली. या दोन वाटांनी रक्त फुप्फुसाला वळसा घालून जातं. या वाटा नसत्या तर लेकरू पोटात जगलंच नसतं.

लेकरू जन्मतं, रडतं, फुप्फुसं उघडतात. डाव्या बाजूचा दाब वाढतो आणि खिडकीची झडप लोटली जाते. रक्तात ऑक्सिजन वाढला की त्या आखूड नळीचा स्नायू आवळतो. शिवाय ती नळी उघडी ठेवणारं प्रोस्टाग्लँडिन नावाचं द्रव्य वारेतून यायचं, तेही वार तुटल्यावर बंद होतं. भरल्या दिवसांच्या लेकरात ही नळी बहुतेक तीन दिवसांत मिटते आणि पुढच्या दोन-तीन आठवड्यांत तिची नुसती दोरी उरते.

कमी दिवसांच्या लेकरात घोळ इथं होतो. नळीचा स्नायू पातळ, ऑक्सिजनला दाद न देणारा. आणि उरल्यासुरल्या प्रोस्टाग्लँडिनला मात्र तो लगेच सैल पडतो. म्हणून नळी उघडी राहते. जेवढं लेकरू लवकर आलेलं तेवढी शक्यता जास्त; २८ आठवड्यांच्या आतल्या निम्म्याहून अधिक लेकरांत ती पहिल्या आठवड्यात उघडीच सापडते. हिलाच डॉक्टर पीडीए म्हणतात.

रिपोर्टवर पीडीए आणि पीएफओ लिहिलं हाय. म्हणजे दिलाला होल हाय?

पीएफओ म्हणजे वर सांगितलेली खिडकी अजून पूर्ण चिकटलेली नाही. कमी दिवसांच्या लेकरात ती उघडी दिसणं हा आजार नव्हे. मोठ्या माणसांतही चौघांत एकाला ती थोडी उघडी असते आणि जन्मभर कळत नाही. आमच्या बाकावर चार जण बसलेले असले तर त्यातल्या एकाला असेल, आणि तोच तंबाखू मळत "होल हाय म्हणते" अशी बातमी गावात फोन करून सांगत असेल.

एका घराची गोष्ट माझ्या मनातून जात नाही. लेकरू ३१ आठवड्यांचं, वजन वाढत होतं, दूध पीत होतं. बाहेर कुठंतरी केलेल्या इकोच्या कागदावर पीएफओ लिहिलं होतं आणि कागद देणाऱ्यानं नुसतं "छेद आहे, मोठ्या ठिकाणी न्या" म्हणून हातात दिला. घरच्यांनी दुभती म्हैस विकली. मोठ्या ठिकाणच्या डॉक्टरांनी पाच मिनिटं पाहून "सहा महिन्यांनी या" असं सांगितलं. सहा महिन्यांनी खिडकी बंद होती. म्हैस काही परत आली नाही.

खरे जन्मजात दोष वेगळे असतात : खालच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र, अरुंद झडप, उलटसुलट जोडलेल्या रक्तवाहिन्या. हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ-नऊ लेकरांत असे दोष असतात आणि कमी दिवसांच्यांत थोडे जास्त. म्हणून रिपोर्ट हातात आला की डॉक्टरांना एकच गोष्ट नीट विचारा : "ही पोटातलीच वाट मिटायची राहिली आहे, की बनतानाच चूक झाली आहे?" या प्रश्नाला सरळ उत्तर मिळेपर्यंत जागचे हलू नका, आणि काही विकायला तर मुळीच काढू नका.

नळी उघडी राहिली तर होते काय?

बारीक असेल तर बहुतेकदा काहीच नाही. मोठी असेल तर अंगाकडे निघालेलं रक्त उलटं फुप्फुसात शिरतं. कॅनॉलच्या वरच्या अंगाच्या शेतात पाणी तुंबतं आणि टोकाच्या शेतकऱ्याला थेंब मिळत नाही, तशी गत. फुप्फुस जड होतं, श्वास वाढतो, श्वासाचं मशीन काढता येत नाही. तिकडे आतडं, मूत्रपिंड आणि मेंदूला रक्त कमी पडतं. पोट फुगतं, लघवी कमी होते. हृदय दोन्हीकडचं काम एकटं ओढतं. अशा लेकराची नाडी तळहातातसुद्धा टणटण उडताना लागते. नवीन सिस्टर आल्या की मी त्यांना आधी ती नाडी हाताला लावून दाखवते. छातीवर सूं-सूं असा आवाज येतो. पण कधी कधी मोठ्या नळीलाही आवाज नसतो, म्हणून फक्त स्टेथोस्कोपवर भागत नाही.

शेजारच्या लेकराले नळीचं औषध दिलं, आमच्याले काऊन नाई?

कारण प्रत्येक उघडी नळी औषधानं बंद करायची नसते. पूर्वी डॉक्टर लवकर औषध सुरू करायचे. मग युरोपात मोठे अभ्यास झाले, २०२३ आणि २०२४ मध्ये छापून आले. सरसकट लवकर आयबुप्रोफेन दिलेल्या लेकरांचं, वाट पाहिलेल्या लेकरांपेक्षा काही भलं झालेलं त्यांत दिसलं नाही. त्यामुळे आता कल थांबून पाहण्याकडे आहे : पाण्याचं माप सांभाळायचं, श्वासाला आधार द्यायचा, इको पुन्हा करायचा. वजन वाढत जातं तशा बऱ्याच नळ्या आपोआप मिटतात, काही तर घरी गेल्यावर.

नळी मोठी असेल, लेकरू तिच्यापायी मशीनवरून सुटत नसेल, तेव्हा औषध. आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल ही दोन जास्त वापरतात, इंडोमेथासिन जुनं. हो, पॅरासिटामॉल म्हणजे तापावरचंच. पण इथं त्याचा डोस, वेळ आणि रक्त-लघवीची तपासणी सगळं वेगळं असतं, त्यामुळे घरच्या बाटलीतलं थेंबभरही देऊ नका. आयबुप्रोफेन चालू असताना आम्ही लंगोट वजन करून लघवी मोजतो, कारण ते मूत्रपिंडावर ताण आणतं.

औषधानं भागलं नाही तर मांडीच्या शिरेतून बारीक नळी घालून आत डाट बसवतात. एवढुशा लेकरांसाठीच्या अशा एका डाटाला अमेरिकेत २०१९ मध्ये ७०० ग्रॅमच्या वरच्या लेकरांसाठी मान्यता मिळाली. नाहीतर ऑपरेशन करून नळी बांधतात. हे ऑपरेशन नवं नाही. बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस या डॉक्टरांनी १९३८ साली सात वर्षांच्या मुलीवर ते पहिल्यांदा यशस्वी केलं. आपल्याकडे यासाठी नागपूरसारख्या ठिकाणी, जिथं लहान मुलांचे हृदयरोगतज्ज्ञ आहेत तिथं जावं लागतं. पाठवायचं ठरलं तर १०८ मधून, लेकरू उबेत ठेवून पाठवतात. आपली गाडी करून उघड्या खिडकीनं नेऊ नका.

इकोनं लेकराले दुखते का?

नाही. सोनोग्राफीच आहे, छातीवर जेल लावून. सुई नाही, एक्स-रेचे किरण नाहीत. जेल गार लागतं म्हणून लेकरू रडतं.

मशीनवरचा आकडा खाली गेला, घंटी वाजली अन् लेकरू निळं पडलं. दिल बंद पडलं होतं का?

बहुतेक वेळा आधी श्वास थांबतो, मग ठोके मंदावतात. मेंदूतलं श्वासाचं केंद्र अजून कच्चं असल्यामुळे लेकरू श्वास घ्यायचं विसरतं. वीस सेकंदांच्या वर थांबलं, किंवा कमी वेळ थांबूनही ठोके १०० च्या खाली आले किंवा रंग बदलला, तर आम्ही ते गंभीरपणे घेतो. तळपायाला हलकं चोळलं की बहुतेक लेकरं पुन्हा सुरू होतात. यासाठी कॅफिन देतात. हो बाप्पा, चहा-कॉफीतलंच कॅफिन, पण मोजून. पोटातले आठवडे धरून साधारण ३४ आठवड्यांचं वय झालं की ही सवय सुटू लागते, आणि काही दिवस एकही असा झटका आला नाही याची खात्री झाल्याशिवाय सुट्टी देत नाहीत. "अजून चार दिवस काऊन ठेवता?" याचं उत्तर पुष्कळदा हेच असतं.

आणि निम्म्या घंट्या पायाला लावलेली तार सरकल्यामुळे वाजतात. आधी लेकराकडे पाहा, मग मशीनकडे.

ऑक्सिजन जास्त लावून दिला तर दिलाले आराम नाई पडणार?

पडणार नाही, आणि डोळे जाऊ शकतात. या लेकरांच्या रक्तातला ऑक्सिजन आम्ही ९० ते ९५ टक्क्यांत ठेवतो. त्याच्यावर सतत राहिला तर डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या बिघडतात. दोन किलोच्या आतल्या किंवा ३४ आठवड्यांच्या आतल्या लेकराचे डोळे ३० दिवसांच्या आत तपासून घ्या; फारच लवकर आलेल्यांचे त्याहून आधी. हृदयाच्या धावपळीत हे राहून जातं.

छातीशी बांधून ठेवल्यानं त्याच्या दिलावर जोर नाई पडत?

उलट आहे. थंडी पडली की लेकराला ऊब राखायला शक्ती जाळावी लागते आणि ते काम हृदयाच्याच माथी येतं. आईच्या उघड्या छातीवर, त्वचेला त्वचा लागून ठेवलं की तो भार उतरतो. ही कांगारू पद्धत १९७८-७९ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली, तिथं काचेच्या पेट्या कमी पडत होत्या म्हणून. २०२१ मध्ये छापलेल्या मोठ्या अभ्यासात, ज्यात भारतही होता, जन्मानंतर लगेच कांगारू सुरू केलेल्या लेकरांतले मृत्यू २५ टक्क्यांनी कमी आढळले. आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं ३९ गावांत गावातल्याच बायांना शिकवून घरोघर नवजात बाळांची काळजी घेतली, आणि १९९९ साली त्याचे निकाल 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले : नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले होते. आज आशाताई तुमच्या दारी येतात त्याचं मूळ तिथं आहे.

बाप, आजी, मावशी, कोणीही धरू शकतं. एक बाप आठवतो, ट्रॅक्टर चालवणारा, अंगानं भला मोठा. शर्टाची बटणं उघडायलाच लाजत होता. पडदा लावून दिला. लेकरू छातीवर ठेवलं तेव्हा मॉनिटरवर १६८ होतं. तो श्वाससुद्धा जपून घेत होता. दहा-बारा मिनिटांत आकडा १४६ वर उतरला आणि तो मला हळूच म्हणाला, "सिस्टर, झोपलं वाटते." दुसऱ्या दिवशी स्वतःच विचारत आला, माझी पाळी कधी म्हणून.

उन्हाळ्याचं विचारतात. चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, मग छातीशी कसं धरायचं? धरायचं, पण टोपरं, लोकरीचं झबलं, गोधडी असं सगळं वरून नको. एक पातळ सुती दुपटं पुरे. कूलरचा झोत सरळ अंगावर नको. बगलेत थर्मामीटर ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअसमध्ये असलं की झालं. उकाड्यानंही ठोके वाढतात, फक्त थंडीनंच नाही. टिनाच्या खोलीत दुपारी ठेवू नका, ओसरीवर किंवा कौलाखाली न्या.

दूध पिताना दमते. मग वरचं पाजू का?

आईचंच दूध काढून बोंडल्यानं किंवा वाटी-चमच्यानं पाजा. ओढायची ताकद नसेल तर तेवढे दिवस नाकातल्या नळीनं. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी कमी दिवसांचे जन्मलेले लोक विशी-तिशीत आल्यावर त्यांची हृदयं तपासली. लहानपणी फक्त मानवी दूध मिळालेल्यांची हृदयं, डब्याच्या दुधावर वाढलेल्यांपेक्षा आकारानं आणि कामानंही चांगली निघाली. हे २०१६ मध्ये छापलंय.

मध, घुटी, साखरपाणी, शेळीचं दूध काहीही नको. पोट फुगलं म्हणून चटके तर नकोच; मेळघाटात डंबा देतात, तसे चटके दिलेलं लेकरू आम्हाला उपचाराच्या आधी भाजलेल्या पोटासकट सांभाळावं लागतं. पोट फुगणं हे हृदयाजवळच्या उघड्या नळीचं किंवा आतड्याच्या आजाराचं लक्षण असू शकतं. अशा वेळी एक रात्रही थांबू नये.

सुट्टी झाल्यावर घरी कशाकडं पाहायचं?

दूध पिताना कपाळावर घाम येतो का. दोन घोट पिऊन थांबतं, धापा टाकतं, पुन्हा दोन घोट घेतं का. शांत झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजा. ६० च्या वर असेल, फासळ्या आत ओढल्या जात असतील, तर निघा. ओठ आणि जीभ निळी दिसणं वाईट. नुसती हाता-पायाची बोटं गार पडून निळसर होणं पुष्कळदा थंडीचं असतं. लघवी कमी झाली, लेकरू मलूल पडलं, दूध सोडलं, तर १०८ ला फोन.

वजन हे सगळ्यात खरं सांगतं. घरी आल्यावर दिवसाला २० ते ३० ग्रॅम वाढायला हवं. हृदय दमत असेल तर खाल्लेलं सगळं त्यातच खर्च होतं आणि काटा हलत नाही. आशाताई ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी येतात तेव्हा त्यांच्या वजनकाट्याचा आकडा कार्डावर लिहून घ्या. लोहाचे थेंब चालू केले असतील तर बंद करू नका. रक्त पातळ झालं की हृदयालाच जास्त धावावं लागतं.

सुनेचं काही चुकलं का? पुढच्या टायमाले काय करावं?

हा प्रश्न सासूबाई विचारतात तेव्हा सून आत काचेतून पाहत असते, एवढं ध्यानात ठेवा. बऱ्याचदा कारण सापडतच नाही. सापडतं तेव्हा ते वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, जुळी, कमी रक्त, दोन बाळंतपणांत कमी अंतर, असं काही असतं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा या पट्ट्यात सिकलसेल आहे; आईला असेल तर लवकर बाळंतपणाचा धोका वाढतो, म्हणून तपासणी आधीच करा. आणि खर्रा, गुडाखू, तंबाखू. घरातले पुरुष बाईला "खर्रा सोड" म्हणतात आणि घोटलेला खर्रा स्वतःच्या खिशात असतो.

पुढच्या वेळी २४ ते ३४ आठवड्यांत कळा सुरू झाल्या तर डेक्सामेथासोनचं इंजेक्शन विचारा : ६ मिलिग्रॅम, १२-१२ तासांनी, चार वेळा. पहिलं इंजेक्शन उपकेंद्रातच घेऊन मग गाडीत बसता येतं. त्यानं फुप्फुसं पिकतात आणि मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका कमी होतो. दुसरं, लेकराची तब्येत ठीक असेल तर नाळ मिनिटभर थांबून कापायची. वारेतलं रक्त लेकराकडं येतं. कपभर रक्ताच्या जिवाला ते दोन-चार चमचे फार मोठे असतात.

खर्च?

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून) सरकारी रुग्णालयात एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाचे उपचार, औषधं, तपासण्या आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे. हृदयदोषाचं ऑपरेशन लागलं तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेत. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. सावकाराकडे जाण्याआधी.

मोठं झाल्यावर पळता येईल का? पोलीस भरतीत चालेल का?

हा प्रश्न एक किलो दोनशे ग्रॅमच्या लेकराच्या बापानं विचारला होता आणि मला फार आवडला. बहुतेक मुलं पळतात, पोहतात, शेतात काम करतात. भरतीतले १६०० मीटरसुद्धा पळतील. फक्त त्यांच्या हृदयाची घडण थोडी वेगळी राहू शकते. २०१३ मध्ये छापलेल्या अभ्यासात, कमी दिवसांच्या जन्मलेल्या तरुणांच्या हृदयाच्या भिंती जाड आणि कप्पे थोडे आखूड आढळले. रक्तदाबही काही अंकांनी जास्त असतो. म्हणून तीन वर्षांचं झाल्यावर वर्षातून एकदा रक्तदाब बघा, कोणत्याही डॉक्टरकडे गेलात की "हा ३० आठवड्यांचा जन्मलाय" असं सांगा, आणि मोठा झाल्यावर खर्रा-सिगारेटपासून इतरांपेक्षा जास्त लांब ठेवा. पळू द्या. घरात बसवून हृदय मजबूत होत नाही.

पेरणी तोंडावर हाय. तपासणीले पुढच्या महिन्यात आणलं तर?

माझ्या नोकरीत नळीनं जेवढी लेकरं बिघडलेली पाहिली त्याहून जास्त चुकलेल्या तारखेनं पाहिली. जूनमध्ये पेरणी, जुलैत रोवणी, दिवाळीपासून कापूस वेचणी; आणि कागदावरची तारीख नेमकी त्यातच येते. मला कळतं. एका दिवसाची मजुरी बुडते, एसटी दोनच, पावसात पांदण बंद. म्हणून सुट्टीच्या दिवशीच सिस्टरशी बोलून तारीख तुमच्या बाजाराच्या दिवसाला जुळवून घ्या, आम्ही बदलून देतो. वजन आणि श्वास मोजणं जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होईल. बाल स्वास्थ्यचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, त्यांना लेकरू दाखवून इकोचा कागद पुढं करा. पण "पीडीए, पुन्हा इको" असं लिहिलेलं असेल तर तो इको टाळू नका. लेकरू गुटगुटीत दिसत असलं तरी.

वाढदिवस कोणता धरायचा?

जन्मला तोच. केक त्याच दिवशी कापा. पण बसणं, रांगणं, चालणं मोजताना डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासून मोजा. दहा आठवडे आधी आलेलं लेकरू सहा महिन्यांचं झालं तरी मोजायला पावणेचार महिन्यांचंच. लसी मात्र जन्मतारखेप्रमाणे.